ए मायनरवरून सीला जाताना

नाशिक फाट्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग दिसायला लागले की आमच्या कंपनीच्या बसमधली माणसं जागी होतात. एरवी दापोडीला चढलेला माणूस मोशी येईपर्यंत मान टाकून झोपलेला असतो. खंडेनवमीच्या आधीचे दोन दिवस मात्र खिडक्यांच्या काचा सरकतात, कोणीतरी भाव विचारतं, ड्रायव्हरही कुरकुर न करता गाडी थांबवतो. मग चाकणपर्यंत सगळी बस त्या उग्र, हिरव्या वासाने भरलेली असते.

यंदाही परवा तो वास आला आणि माझ्या डाव्या हाताची बोटं समोरच्या सीटच्या दांड्यावर आपोआप हलायला लागली. तर्जनी, मधलं बोट, अनामिका. दोन बोटं जागच्या जागी, एक उचलायचं आणि पलीकडे ठेवायचं.

"सुरू झालं का राव तुमचं?" शेजारचा दत्ताभाऊ म्हणाला.

"बंद कधी झालं होतं?" मी म्हणालो.

दत्ताभाऊ मूळचा मोशीचा, जुन्या शेतकरी घरातला. आम्ही दोघं एकाच प्रेस शॉपमध्ये. तो मशीन चालवतो, मी सेटर. पत्रा ज्या साच्यात दाबून त्याचा पार्ट होतो त्या साच्याला आम्ही डाय म्हणतो. एका पार्टाचं काम संपलं की ती डाय उतरवायची आणि दुसरी चढवायची, हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतोय. गेल्या वर्षी या दिवसांत याच बसमध्ये मी जेवणाच्या डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर, एकदा तर चुकून दत्ताभाऊच्या मनगटावर बोटं दाबत होतो, आणि माणसाचं डोकं फिरलंय की काय अशा नजरेने तो माझ्याकडे बघत होता. त्याला काय सांगणार? घरात कमलचा आवाज गेला होता.

कमल माझी बायको. दापोडीतल्या बालवाडीत शिकवते आणि आमच्या विहारातल्या बायकांच्या गाण्याची पुढारी. दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, वंदना झाली की पहिलं गाणं तिचं, हे इतक्या वर्षांचं ठरलेलं की ते कोणी ठरवलं हेही आता कोणाला आठवत नाही. गाणंही घरचंच. तिच्या आईने मराठवाड्यातून इकडे आल्यावर, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करताना जुळवलेलं.

पाटीवरचं पयलं अक्षर
मायच्या घामानं ओलं गं
पुसू कशी मी पाटी आता
अक्षर मायचं झालं गं

यातल्या 'ओलं गं'चा 'गं' वर चढतो आणि तिथेच थोडा वेळ उभा राहतो. तिथे आला की विहाराबाहेर चपला काढणारी माणसंसुद्धा हात थांबवून ऐकायची.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता तिच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठीचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. रिपोर्ट चांगला आला, गाठ साधी निघाली, आणि जीव भांड्यात पडला. पण ते भांडं पुरतं खाली ठेवायच्या आतच लक्षात आलं, की कमल बोलते तेव्हा नुसती हवा येते. फुंकर घालावी तसा आवाज. डॉक्टर म्हणाले, "नस तुटलेली नाही, दुखावली आहे. आवाज येईल. पण कधी आणि किती, ते मला आज सांगता येणार नाही. कुजबुजायचं नाही, ओरडायचं नाही. रोज थोडं गुणगुणायचं, मग थोडं गायचं."

आमचं घर रेल्वेलाइनच्या अगदी जवळ. दोन खोल्या, मधली भिंत पातळ, शेजारच्यांची भिंत त्याहून पातळ. दोन दिवस कमल गुणगुणलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिली शिफ्ट करून लवकर घरी आलो, तर ती खिडकीशी उभी. लोणावळ्याची गाडी खडखडत निघाली होती आणि त्या आवाजाच्या आडोशाला ती गात होती. गाडी गेली, ती गप्प झाली. मी दारात चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. 

रात्रीच्या जेवणाला तिने स्वतःच विषय काढला. "गाडी दिवसातनं किती वेळा जाणार?" ती त्या हवेच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही काहीतरी वाजवत जा ना. प्रज्ञाचा गिटार आहे भिंतीवर. तुमचा आवाज मोठा असला की माझा झाकला जाईल."

प्रज्ञा आमची मुलगी. हिंजवडीत नोकरी करते. रोजच्या ट्रॅफिकला वैतागून तिकडेच मैत्रिणींबरोबर खोली घेतली आहे आणि रविवारी घरी येते. कॉलेजात असताना तिने गिटार शिकला होता. तो मागे राहिला आणि भिंतीवर खुंटीला लटकून धूळ खात होता. मी त्याला तोवर हात लावला होता तो फक्त दिवाळीत पुसायला.

मला वाटलं, त्यात काय! टनाटनाची डाय मिलीमीटरवर बसवणारा माणूस मी, सहा तारा काय सरळ करता येणार नाहीत? पहिल्याच संध्याकाळी कळलं. पान्याने पडलेले घट्टे माझ्या तळहाताला. बोटांची टोकं मात्र लहान पोरासारखी कोवळी निघाली. तार रुतायची. बोटं जाड, एक तार दाबायला गेलो की शेजारची पण दबायची आणि दोन्ही मुक्या. मी म्हणालो, गिटार बिघडलाय. रविवारी प्रज्ञाने तोच गिटार हातात घेतला आणि सुरेख वाजवला. नाचता येईना अंगण वाकडे.

तिने माझ्यासाठी गाणं तीन कॉर्डमध्ये बसवलं. कॉर्ड म्हणजे ठरावीक तारा ठरावीक जागी दाबून एकदम निघणारे सूर. ए मायनर, सी आणि जी. एकेक कॉर्ड धरून ठेवायला मला चार दिवसांत जमलं. अडलं ते एकावरून दुसऱ्यावर जाताना. सगळी बोटं उचलायची, हवेत गोंधळायचं, एकेकाला शोधून जागेवर ठेवायचं, आणि तोवर गाणं पुढच्या गल्लीत गेलेलं. प्रज्ञाने एक मिनिटाची कसरत सांगितली. घड्याळ लावायचं आणि मिनिटात ए मायनर ते सी किती वेळा होतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी सात. मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं.

मग मात्र माझ्यातला सेटर जागा झाला. डाय बदलायला पूर्वी आम्हाला पाऊण तास लागायचा, आता दहा मिनिटं. कुणी जोरात धावायला लागलं म्हणून ते झालेलं नाही. प्रेस थांबायच्या आधी पुढची डाय शेजारी येऊन उभी असते, बोल्ट-पाने हाताशी मांडलेले असतात, आणि जे हलवायची गरज नाही ते हलवत नाहीत. मी गिटारकडे तसं बघितलं. ए मायनर आणि सी, दोन्हींत तर्जनी आणि मधलं बोट एकाच जागी! मग मी ती उचलत का होतो? फक्त अनामिका हलवायची. बोटं तारांपासून दूर उडवायची नाहीत, वरच तरंगत ठेवायची. आत्ताचा कॉर्ड वाजत असतानाच पुढचा डोक्यात तयार पाहिजे. कॅलेंडरवर सातचे बारा झाले, बाराचे एकोणीस, आणि एका गुरुवारी एकतीस.

"हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं पप्पा?" प्रज्ञाने विचारलं.

"चाकणने," मी ऐटीत सांगितलं.

सीवरून जीला जाणं तेवढं वाकडं होतं. तिथे सगळी बोटं हलतात, जागेवर काहीच राहत नाही. आणि तो बदल नेमका त्या चढणाऱ्या 'गं'वर होता.

त्या संध्याकाळी अजून जशाच्या तशा आठवतात. साडेतीनला शिफ्ट सुटायची, पाचच्या सुमाराला मी घरी. पाऊस परतलेला, ऑक्टोबरचा उकाडा सुरू, पत्र्याच्या शेड तापून कडकड वाजायच्या. कमल भाजी निवडत बसायची, मी खुर्चीवर. कुकरला शिट्टी व्हायच्या आत आमचं एकदा गाऊन व्हायचं, निदान तसा बेत असायचा. हवेच्या त्या आवाजात हळूहळू धागा यायला लागला होता. पण ती एका जागेपुढे जाईना. पहिली ओळ, दुसरी ओळ, 'ओलं गं' आला की तिचा आवाज फाटायचा, माझा हात थांबायचा, आणि ती उठून कुकर बघायला जायची. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती एकच ओळ गाऊन उठायला लागली. मग म्हणाली, तुम्ही वाजवा, मी ऐकते. मला वाटलं, दमत असेल.

रविवारी प्रज्ञा स्वयंपाकघरात आईशी बराच वेळ बोलत होती. बाहेर आली ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"पप्पा, मम्मीचा सूर चिरकला की तुम्ही थांबता?"

"मी? नाही गं. जी नीट बसत नाही म्हणून थांबतो. खालची तार खर्रकन वाजते."

"मम्मीला वाटतंय तिच्यासाठी थांबता. म्हणते, त्यांना ऐकवत नसेल. म्हणते, या वर्षी गाणं दुसऱ्या कुणाला देते."

 आमच्या शॉपमध्ये भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलंय, खराब माल पुढे देऊ नका. पार्टाच्या कडेला जरा धार राहिलेली दिसली, की हात वर, मशीन बंद, आधी दोष शोधायचा, मगच पुढे. बावीस वर्षांत हे माझ्या हाडात मुरलंय. तार खर्रकन वाजली की माझा उजवा हात विचार न करता थांबत होता, आणि मी वाकून दोष शोधत होतो. माझा दोष. पण तो जिथे व्हायचा तिथेच तिचा आवाजही फाटायचा. मान खाली घालून बसलेला नवरा तिला दिसत होता. मान खाली का, ते दिसत नव्हतं. मी तिचा आवाज झाकायला बसलो होतो, आणि रोज संध्याकाळी, तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती त्याच जागी, तिला उघडं पाडत होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी आत गेलो. "कमल, अगं ते माझ्यामुळे थांबत होतं."

"असू द्या," ती पीठ मळत म्हणाली. समजूत घालणाऱ्या माणसाला म्हणतात तसं.

तेव्हा मी गिटार स्वयंपाकघरातच आणला. ओट्याला टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, "गाऊ नको. नुसती माझी बोटं बघ." सी वाजवला. जीला गेलो. खर्र. पुन्हा. पुन्हा खर्र. पिठाचे हात तसेच ठेवून ती जवळ आली, वाकली, आणि पहिला पार्ट तपासतात तशी बारकाईने बघत राहिली.

"ही करंगळीखालची तार दबतच नाही तुमची," ती म्हणाली.

"तेच तर सांगतोय."

"रोज?"

"रोज."

आणि ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हवेचंच हसू होतं, सायकलच्या पंपासारखं, पण थांबेना. तिने पिठाचा हात माझ्या करंगळीवर ठेवून ती दाबली आणि म्हणाली, "आता वाजवा." वाजला. गिटारवरचा तो पिठाचा डाग मी बरेच दिवस पुसला नाही.

प्रज्ञाने त्याच दिवशी नियम घालून दिला. "पप्पा, डावा हात चुकू दे. उजवा थांबवायचा नाही. तार मुकी तर मुकी. लाइन चालू ठेवायची." ऐकायला सोपं. पण जित्याची खोड, ती अशी कशी जाईल? खराब सूर पुढे सोडताना मला खरोखर अपराध्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी दत्ताभाऊला सगळंच सांगून टाकलं. मोशी आली तसं त्याने खिडकीबाहेर बोट केलं. तिथे आता इमारती आहेत, पण त्याच्या घरच्यांनी तिथे शेत केलेलं.

"आमचा म्हातारा नांगर धरायचा," तो म्हणाला. "तास वाकडं झालं तरी बैल थांबवायचा न्हाई. म्हणायचा, आधी बांधापत्तुर जाऊ द्या, वाकडं हाय का सरळ ते मागारी येताना बघू. मधीच थांबलं का बैलबी बिथरत्यात. काय?"

"व्हय," मी त्याच्याच बोलीत म्हणालो.

"मग? वहिनींस्नी बिथरवू नका."

त्यानंतर आम्ही बांधापर्यंत जायला लागलो. वाकडे, खरखरत, पण जायला लागलो. तिचा 'गं' फाटायचा, माझा जी खरडायचा, आणि उजवा हात दोघांना ओढून पुढच्या ओळीत न्यायचा. मागे वळून बघायला वेळच नसायचा. कॉर्डच्या मधल्या जागेची मला आधी फार धास्ती होती, आता वाटतं ती जागा लहान नसली तरी चालते. हात चालू असला की ओलांडता येते.

कॅपो नावाचा एक चिमटा असतो. तो गिटारच्या दांडीवर जितकी घरं पुढे लावावा तितका सूर वर जातो. ऑपरेशननंतर आम्ही बिनचिमट्याने सुरुवात केली होती, सगळ्यात खालून. एका बुधवारी कमलच म्हणाली, "जरा वर घ्या." मी चिमटा पहिल्या घरावर लावला. आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यावर. डॉक्टरांच्या तपासणीत काय दिसलं ते डॉक्टरांना माहीत, मला चिमट्यावरून कळत होतं. आज तो चौथ्या घरावर आहे. प्रज्ञाच्या फोनमध्ये जुनं रेकॉर्डिंग आहे, त्यातला कमलचा आवाज पाचव्या घरावरचा. तिथे आम्ही पोचलो नाही, बहुतेक पोचणारही नाही. मी मधे एकदा विषय काढला, तर म्हणाली, "राहू द्या. पाचव्या घरात कोण आपलं पाहुणं बसलंय?" बालवाडीत ती पुन्हा जायला लागली आहे, पोरं तिला पुन्हा घाबरतात. आवाज जरा जाड झालाय. मला तो आवडतो. हे मी तिला सांगितलं नव्हतं, इथे लिहितोय.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला घरच्यांना कंपनीत बोलावलं होतं. प्रेस धुऊन पुसून, झेंडूचा हार घालून उभी. खाली कापडावर पाने, हातोडे, मापं मांडलेली. वर्षातला हा एकच दिवस असा, की शॉपमध्ये ओरडावं लागत नाही. कमल प्रेससमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यात हात घालता तुम्ही?" छोट्या आवाजात, पण शॉपच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या दत्ताभाऊलाही ऐकू गेलं. त्याने तिकडूनच मला अंगठा दाखवला. कमल मात्र माझ्या बोटांकडे बघत होती. तोवर मी तिच्या गळ्याची काळजी करत होतो. ती इतकी वर्षं कशाची करत होती, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि दुसऱ्या दिवशी विहार. पांढरी साडी, पुढे बायकांची रांग, मागे खुर्चीवर मी, बाजूला प्रज्ञा. चिमटा दुसऱ्या घरावर. घामाने बोटं निसटत होती. वंदना झाली, शांतता झाली, मी ए मायनर वाजवला आणि कमलने गाणं उचललं. पहिल्या वेळी 'गं' आला, थोडा थरथरला, पण उभा राहिला. दारातल्या माणसांचे हात चपलांवर थांबलेले मी बघितले. आणि ते बघण्याच्या नादात, दुसऱ्या वेळी, नेमक्या त्याच जागी, माझी करंगळी तारेवरून घसरली. खर्र. भर सभेत. आणि काय सांगू, महिनाभराची सगळी शिकवण विसरून माझा उजवा हात थांबला.

कमल थांबली नाही.

तिचा 'गं' एकटाच वर चढला, मागे काही नसताना. तिथे टेकला, आणि हळूच पुढच्या ओळीत उतरला. बायकांनी टाळ्यांनी ठेका धरला. मी मान खाली घालून करंगळी जागेवर आणली आणि पुढच्या ए मायनरला चालत्या बसमध्ये चढावं तसा चढलो.

आम्ही घरी चालत निघालो. फाटकाशी गाडी जायची होती म्हणून थांबलो. मी म्हणालो, "मी मधेच थांबलो तेव्हा तुला काय वाटलं?"

"कधी?" ती म्हणाली.

"त्या 'गं'वर. दुसऱ्यांदा."

गाडी आली. खडखडत सगळे डबे निघून गेले. ते पुरते जाऊन आवाज थांबेपर्यंत कमल वाट बघत राहिली, आणि मग मोकळ्या गळ्याने म्हणाली, "काय वाटायचंय? म्हटलं, यांची करंगळी घसरली असेल."